प्लेट पडली पाहिजे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

छऱ्याच्या बंदुकीच्या फील्ड टार्गेट स्पर्धेचं तुझं चार पानी नियोजन वाचलं. बॅनर, टी-शर्ट, ट्रॉफ्या, उद्घाटनाला कोण, जेवणात काय, सगळं आहे. प्लेटांबद्दल मात्र एकच ओळ: ‘फॅब्रिकेटरकडून करून घेणे.’ त्या ओळीपायी हे पत्र लिहायला बसलो. बाकीचं तुझं तू निभावशील, एन.सी.सी.त वाढलेली आहेस.

माझी पहिली स्पर्धा नेमकी तिथेच बुडाली होती. पुतण्याकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा एका रविवारी त्याने फील्ड टार्गेट बघायला नेलं. खेळ तिथलाच. पहिली स्पर्धा १९८० साली ससेक्समधल्या मॅघम डाउन गावी झाली. झाडीत, उतारावर, खड्ड्यात, ७ मीटरपासून ५० मीटरपर्यंत कुठेही लोखंडी प्लेटा ठेवलेल्या. अंतर कुणी सांगत नाही, लेझरने मोजू देत नाहीत. स्कोपचा, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीचा, फोकस फिरवून आपणच ओळखायचं. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. सगळी नोकरी आखून दिलेल्या पॉइंटवरून फायर केलं. इथे सत्तरीची एक बाई उशीवर मांडी ठोकून बसली होती आणि मला धड दिसतही नव्हती ती प्लेट पाडत होती. तिथून परत आलो ते डोक्यात खूळ घेऊनच.

गावातल्या फॅब्रिकेटरला कागदावर चित्र काढून दिलं: गोल पत्रा, मधे भोक, खाली बिजागरी. त्याने चित्राबरहुकूम केलं, चूक त्याची नव्हती. स्पर्धेत काय झालं, तर जवळच्या प्लेटला कुठेही छर्रा लागला की ती आडवी. काठाला लागला तरी पॉइंट. आणि ४५ मीटरवरच्या प्लेटच्या बरोब्बर भोकातून एका मास्तरांनी छर्रा घातला, ‘ठण्ण’ आवाज आला, आणि प्लेट उभीच. मास्तरांनी बंदूक शांतपणे खाली ठेवली, वळून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “साहेब, आवाज ऐकलात ना?” ऐकला होता, पण कागदावर शून्य लिहिलं. मास्तर पुन्हा कधी आले नाहीत.

खरी प्लेट कशी असते, ते नीट समजून घे. समोरचा पत्रा जाड, किमान ५ ते ६ मिलिमीटरचा. त्यातल्या भोकामागे एक वेगळी पाकळी असते. छर्रा भोकातून जाऊन पाकळीवर आदळला की पाकळी मागे सरकते, तिच्यातली खिट्टी सुटते आणि अख्खी प्लेट मागे पडते. छर्रा भोकाच्या बाहेर पत्र्यावर बसला तर त्या धक्क्याने खिट्टी उलट आणखी घट्ट बसली पाहिजे. म्हणजे एकाच लोखंडाने दोन उलट कामं करायची. फॅब्रिकेटरला चित्र देऊ नकोस, नमुना दे. माझ्याकडे तिकडून कपड्यांत गुंडाळून आणलेली एक प्लेट आहे. पुढच्या सगळ्या तिच्यावरूनच केल्या.

आणि प्लेट तपासायची ती जिथे ठेवणार त्या अंतरावरून. वर्कशॉपमध्ये बोटाने ढकलून सगळ्याच पडतात. नळीतून निघताना छऱ्यात जो जोर असतो, त्यातला ५० मीटरवर साधारण निम्माच उरतो. स्पर्धेच्या सकाळी प्रत्येक प्लेटवर तिच्या लेनमधून एक छर्रा भोकात आणि एक पत्र्यावर मारायचा, तोही येणाऱ्यांतल्या सगळ्यात कमजोर बंदुकीने. कुणी तक्रार केली, तर त्याच्यासमोर हीच तपासणी पुन्हा. प्लेट खोटी निघाली तर त्याला नवा शॉट, खरी निघाली तर शून्य कायम. वाद तिथेच मिटतो. दोन स्क्वॉडच्या, म्हणजे मारणाऱ्यांच्या तुकड्यांच्या, मधे प्लेटांवर स्प्रेच्या रंगाचा एक हात मारला की कुणाचा छर्रा कुठे लागला तेही दिसतं.

तू ससा आणि कावळ्याच्या आकाराच्या प्लेटा काढल्यास. इंग्लंडात तशा असतात, मान्य. आपल्याकडे नको. छऱ्याची बंदूक हातात आली की झाडावरच्या होल्याकडे बघणारी पोरं तुझ्या माझ्या गावात आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याची कुणाला पडलेली नसते. आपल्या माळावर ससा पाडला की टाळ्या पडतात, हे दहा वर्षांच्या पोराला आपणच कशाला दाखवायचं? गोल, चौकोन, त्रिकोण. हवं तर नारळाचा आकार कर.

आता जागा. बंद पडलेली खडीची खाण तुला सोयीची वाटते, तिन्ही बाजूंनी भिंत म्हणून. पण काळ्या फत्तरावरून छर्रा उलटा येतो. ओढ्याची घळ बघ, जिथे मागे मातीची दरड आहे. प्लेटेमागे माती नसेल, तर तिथे प्लेट ठेवायचीच नाही. वर सुटलेला छर्रा ३०० मीटरच्या पुढेही जातो. आणि नुसती लाल झेंडी लावून भागत नाही. मेंढरं घेऊन येणाऱ्या माणसाला ती कुणाच्या तरी प्रचाराची वाटते. प्रत्येक पाऊलवाटेवर एक माणूस उभा कर, त्याला शिट्टी दे, आणि त्याच्या जेवणाची आठवण ठेव.

दोरीचं सांगतो, कारण ते अजून स्वप्नात येतं. पडलेली प्लेट फायरिंग लाइनवरूनच दोरी ओढून उभी करतात, पुढे कुणी जायचं नसतं. दुसऱ्या वर्षी एका लेनची दोरी घाणेरीच्या झुडपात अडकली. ओढली, आली नाही. स्कोअर लिहायला बसवलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा, कामसू, कुणी सांगायच्या आत उठला आणि दोरी सोडवायला वाकून पुढे पळाला. शेजारच्या लेनवरच्याचा डोळा स्कोपला, बोट घोड्यावर. मी ‘थांब’ ओरडलो तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. काही झालं नाही. मुलगा हसत परत आला, मी मात्र दगडावर बसून राहिलो. त्या दिवसापासून नियम असा: दोरी अडकली तर ती प्लेट बाद, स्क्वॉड संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. लांब शिट्टी, सगळ्या बंदुका रिकाम्या आणि जमिनीवर, मी लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन डोळ्याने बघणार, आणि मगच एक माणूस पुढे. घाणेरी आदल्या दिवशी छाटायची, आणि दोरी प्रत्येक वळणावर कडीतून न्यायची. लाइनवर असणाऱ्या प्रत्येकाला चष्मा, बघ्यांनाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. ५.५ ची कुणी आजोबांच्या काळातली म्हणून घेऊन आला, तर लाइनवर घ्यायची नाही, तो तुझा मामा असला तरी. इंग्रजांची मर्यादा १२ फूट-पाउंडची, म्हणजे सव्वासोळा ज्यूलच्या आसपास. आपणही तीच धरतो, कायद्याच्या बरंच आत राहतो. क्रोनोग्राफ, म्हणजे छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, उसना आण आणि प्रत्येक बंदुकीचे तीन शॉट घे. ८.४ ग्रेन वजनाचा छर्रा सेकंदाला ८०० फुटांच्या पुढे गेला, की तो गडी बाहेर. पोलीस ठाण्यात अर्ज दे, पोच घे, आणि त्या तारखांना महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा, म्हणजे शस्त्रं बाळगायला बंदीचा, मनाई आदेश लागू आहे का ते तोंडी नको, नीट विचारून घे. सणाच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत तो हमखास असतो. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचं ना-हरकतही लागेल.

उद्घाटन ठेवूच नकोस. साडेसातला वारा पडलेला असतो, दहानंतर घळीतून सुटतो, आणि हलक्या आडव्या वाऱ्यातही ५० मीटरवर छर्रा चार बोटं सरकतो. पाहुणे येणार साडेदहाला. शिवाय फोटोसाठी त्यांच्या हातात बंदूक द्यावी लागते, आणि आजवर एकाही पाहुण्याने ती प्रेक्षकांवर न रोखता फोटो काढून घेतलेला मी पाहिला नाही. बक्षिसाला बोलव, तेव्हा बंदुका पेटीत असतात.

१० लेन, लेनला २ प्लेटा, एका लेनवर दोघं: एक मारणार, दुसरा लिहिणार. प्रत्येकी ३ मिनिटं, मग शिट्टीवर सगळे एकदमच पुढच्या लेनला. वीस जणांची फेरी कागदावर ६० मिनिटांत होते, तू दोन तास धर. पहिल्या वर्षी ३५ मीटरच्या पुढे जाऊ नकोस, आपल्याकडच्या स्प्रिंगच्या बंदुकांना त्यापुढे न्याय मिळत नाही. लांबच्या प्लेटांना ४० मिलिमीटरचं भोक ठेव. १५ चं फक्त अगदी जवळ, एखाद-दुसरंच, शहाण्यांची मस्ती उतरवायला. आणि गुण हंटर फील्ड टार्गेट या याच खेळाच्या दुसऱ्या प्रकारात देतात तसे दे: प्लेट पडली तर २, नुसता पत्रा वाजला तर १, हुकला तर ०. घरी कोरा कागद घेऊन जाणारा पुढच्या वर्षी येत नाही.

पालक विचारतील, यातून ऑलिम्पिकला जाता येतं का. स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ब्राँझ घेतल्यापासून राधानगरीच्या या अंगाला हा प्रश्न फारच वाढलाय. सरळ ‘नाही’ म्हणून सांग. त्याचं पदक ५० मीटर थ्री पोझिशनचं. एअर रायफलचं म्हणाल तर ऑलिम्पिकमध्ये १० मीटरची असते, तिथला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, ती शिस्तच वेगळी. ज्या पोराचा हात स्थिर दिसेल, त्याला जिल्ह्याच्या रेंजवर पाठव, आपल्याकडे अडकवून ठेवू नकोस. उद्या तो आपल्याला विसरला तरी चालेल.

वडापावच्या आधी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लाव, छर्रे शिशाचे असतात. प्लेटांखाली ताडपत्री अंथर आणि संध्याकाळी छर्रे झाडून घे. त्या गवतात उद्या कुणाचीतरी गाय चरणार आहे.

शनिवारी सकाळी ये. रिकामा टेम्पो आण, सोबत एक पोरगा. पेटी मला आता उचलवत नाही. अठरा प्लेटा चांगल्या आहेत, दोघींच्या पाकळ्या वाकल्यात. त्या वाटेत लोहाराकडे टाकू आणि तो सरळ करेपर्यंत तिथेच बसू. तो ऐरणीवर घेतो तेव्हा बघून ठेव, पुढच्या वर्षी मी नसेन सोबत.

तुझा,
सुभेदार काका