युरोपातील प्रबोधनकाळ नेमका कधी सुरू झाला आणि कधी संपला?

ढोबळमानाने १४ व्या ते १६ व्या शतकापर्यंत. पण ‘१४५३ साली कॉन्स्टँटिनोपल पडले आणि प्रबोधन सुरू झाले’ हे पाठ केलेले वाक्य सोडून द्या, कारण तारखा जुळत नाहीत. बायझंटाइन विद्वान क्रायसोलोरासने इटलीतील फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला १३९७ मध्येच सुरुवात केली होती, आणि तिथल्या कॅथेड्रलचा ब्रुनेलेस्कीने उभारलेला भव्य घुमट १४३६ मध्ये पूर्ण झाला होता. १४५३ नंतर, तुर्कांनी जिंकलेल्या कॉन्स्टँटिनोपलमधून आलेल्या विद्वानांनी आणि हस्तलिखितांनी आधीच वाहत्या प्रवाहाला जोर दिला, इतकेच.

त्याहून मोठा बदल छापखान्याचा. गुटेनबर्गचे बायबल १४५५ च्या सुमारास छापून झाले आणि पुस्तक नकलनवीसाच्या हातातून सुटले.

कलेचा कळस अगदी थोड्या वर्षांत दिसतो: मायकेलअँजेलोचा डेव्हिड १५०१–०४, सिस्टिन चॅपेलचे छत १५०८–१२. त्याच सुमारास राफाएलही व्हॅटिकनमध्ये भिंती रंगवत होता!

शेवटासाठी १५२७ हे वर्ष घेतात, त्या वर्षी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने रोम लुटले. मात्र ते फक्त इटलीपुरते धरा. आल्प्सच्या उत्तरेला प्रबोधन उशिरा पोहोचले आणि इंग्लंडमध्ये तर १६०० नंतरही चालू होते. खगोलशास्त्रातला कोपर्निकसचा आणि शरीररचनाशास्त्रातला व्हेसॅलियसचा, हे दोन्ही क्रांतिकारी ग्रंथही १५२७ नंतरचे, म्हणजे १५४३ चे आहेत.