कपाळावरची लाल खूण

या वेळी टपालात सायकलच्या हेल्मेटबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. तो त्रास अनेकांना असतो आणि बहुतेक जण मुकाट्याने सोसतात.

प्रश्न : ताई, सहा महिन्यांपूर्वी रोड बाईक, म्हणजे वाकड्या हँडलची वेगवान सायकल घेतली. हेल्मेटवर ‘मध्यम, ५५ ते ५९ सेंटिमीटर’ असं लिहिलंय. माझ्या डोक्याचा घेर ५७ भरतो, म्हणजे माप बरोबर आहे. तरी पाऊण तासात कपाळ ठणकायला लागतं. मग मी हेल्मेट जरा मागे सरकवतो, तेव्हा बरं वाटतं. हळूहळू सवय होईल का?

होणार नाही, आणि तुम्ही ती वाट बघूही नका. बुटाचं चामडं वापरून सैल होतं, तसं हेल्मेट होत नाही. आतला कडक थर्माकोल सहा महिन्यांनीही पहिल्या दिवशी होता तेवढाच कडक असतो.

पुढच्या राइडनंतर हेल्मेट काढल्या काढल्या आरशात बघा. कपाळाच्या मधोमध लाल खूण उठली असेल आणि हेल्मेट डोक्यावर असताना कानांच्या वर दोन्ही बाजूंना बोट सहज आत जात असेल, तर तुमचं डोकं लांबट आहे आणि हेल्मेट गोल. उलट दोन्ही कानशिलांवर खुणा असतील आणि पुढे-मागे पोकळी, तर डोकं गोल आणि हेल्मेट लांबट. मोजपट्टीला फक्त घेर कळतो. ५७ सेंटिमीटर घेराची दोन डोकी शेजारी शेजारी ठेवली तर एक नाकापासून मागे लांबत गेलेलं आणि दुसरं चेंडूसारखं असू शकतं. प्रत्येक कंपनी आपापल्या साच्यावर हेल्मेट बनवते, त्यामुळे एकीचं मध्यम माप दुसरीच्या मध्यम मापासारखं बसेलच असं नाही.

माझं पहिलं हेल्मेट मी दोन वर्षं अशाच खुणांसकट वापरलं. माझ्या खुणा कानशिलांवर असायच्या. डोकं दुखायचं त्याचा दोष मी उन्हाला दिला, गॉगलला दिला, पाणी कमी प्यायले म्हणून स्वतःला दिला. एकदा राइडमध्ये थांबलो असताना एका मैत्रिणीने तिचं हेल्मेट सहज माझ्या हातात दिलं. माप तेच, कंपनी वेगळी. घातलं आणि डोक्यावर काही आहे असं वाटेचना. त्याच आठवड्यात मी हेल्मेट बदललं.

तुमच्या पत्रातलं ‘मागे सरकवतो’ हे वाचून मात्र मला काळजी वाटली. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं असायला हवी, आडवी आणि सरळ. मागे सरकवलं की कपाळ उघडं पडतं. काही वर्षांपूर्वी एका उतारावरच्या वळणात वाळूवरून माझं पुढचं चाक घसरलं आणि मी डाव्या अंगावर आपटले. हेल्मेटला मार बसला तो डाव्या भुवईच्या तीन-चार बोटं वर. घरी येऊन पाहिलं तर बाहेरून नुसता ओरखडा. आतलं पॅड सोलून काढलं तेव्हा पांढऱ्या थर्माकोलमध्ये केसाएवढी बारीक भेग दिसली, नख अडकेल इतकीच. ती जागा मी आजही बोटाने दाखवू शकते. हेल्मेट मागे सरकवलेलं असतं, तर तिथे थर्माकोल नव्हताच, माझं कपाळ होतं.

तो थर्माकोल म्हणजे एक्सपांडेड पॉलिस्टायरिन. आपटल्यावर तो स्वतः चुरडतो आणि डोकं एकदम थांबण्याऐवजी काही मिलिसेकंद जास्त घेऊन थांबतं. सगळं काम तेवढ्या वेळात होतं. चुरडलेला भाग पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही ठणठणीत दिसलं तरी टाकून द्यायचं. आतली मऊ पॅडं डोकं वाचवण्यासाठी नसतात, ती नीट बसण्यासाठी असतात. त्यामुळे कपाळाशी जाड पॅड लावून टोचणं कमी करू म्हणाल, तर ते करू नका. मागची घट्ट-सैल करायची डायल आवळूनही उपयोग नाही. डायलची पट्टी बहुतेक हेल्मेटांत डोक्याला मागून धरते, म्हणजे ती जेवढी आवळाल तेवढं कपाळ पुढच्या भिंतीवर दाबलं जातं. तुमचं दुखणं याने वाढतच असणार.

नवीन घेताना डायल पूर्ण सैल करा आणि हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवा. पट्टा लावू नका. या अवस्थेत सगळीकडून सारखा स्पर्श झाला पाहिजे. एका जागी टोचतंय आणि दुसरीकडे पोकळ आहे असं वाटलं तर तिथेच खाली ठेवा, डायल फिरवून बघायची गरजच नाही. सारखं बसलं तर मग डायल फिरवा, घट्ट धरलंय पण आवळलं नाही इतपत. आता दोन्ही हातांनी हेल्मेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट कातडीवरून घसरत असेल तर ते मोठं आहे.

रोड बाईकवाल्यांनी आणखी एक करायचं, जे दुकानात कोणी सांगत नाही. टेबलाच्या कडेला हात टेकवून, हँडलच्या खालच्या वाकड्या भागाला धरतो तसे वाका आणि मान वर करून समोर लांब बघा. पुढची कड नजरेला अडवते का? मागची कड मानेवर टेकते का? आरशासमोर सरळ उभं राहून छान दिसणारं हेल्मेट या एका बाकात नापास होऊ शकतं. मग वर बघण्यासाठी माणूस ते मागे ढकलतो, आणि पुन्हा तुमच्यासारखंच होतं. शेवटी तसंच डोक्यावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं दुकानातच वावरा. टोचणारी जागा पहिल्या मिनिटाला बोलत नाही.

प्रश्न : माझे केस लांब आहेत. हेल्मेट घातलं की पट्टे कानावर येतात आणि अर्ध्या वाटेत सैल होतात. गॉगलची काडीही मागच्या पट्टीला अडते. सगळं एकाच वेळी कसं जमवायचं?

आधी केस. आंबाडा किंवा उंच पोनीटेल हेल्मेटखाली कोंबू नका, मागची बाजू उचलली जाते. खाली मानेशी वेणी घाला, ती डायलच्या पट्टीखालून बाहेर येऊ दे. घामासाठी पातळ टोपी घालत असाल तर मापही ती घालूनच बघा. जाड टोपी नको.

पट्ट्यांचे पुढचे-मागचे दोन भाग कानाच्या अगदी खाली एकत्र आले पाहिजेत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. तिथे जी छोटी क्लिप असते ती सरकवून जागा ठरवा. अनेक जण ती कधी हलवतच नाहीत. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकी जागा ठेवा आणि मोठी जांभई द्या. जांभई देताना हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं गेल्यासारखं वाटलं की पट्टा बरोबर आहे. राइडमध्ये पट्टा सैल होतो तो बहुधा बकलातून सरकतो, कारण उरलेलं टोक मोकळं लोंबत असतं. ते टोक रबरी रिंगमध्ये अडकवा. तरीही सरकत असेल तर बकल झिजलंय.

गॉगल मात्र हेल्मेट घ्यायला जाताना सोबतच न्या. काडी पट्ट्याच्या आत नाही, पट्ट्यावरून बाहेर घाला, म्हणजे हेल्मेट न हलवता गॉगल काढता येतो. तरीही काडी मागच्या पट्टीला अडत असेल तर त्या दोघांचं जमणार नाही. बऱ्याच हेल्मेटांत ती पट्टी एक-दोन खाचा वर-खाली करता येते, ते आधी करून बघा.

प्रश्न : जास्त महाग ते जास्त सुरक्षित का? आणि आत पिवळा थर असलेली हेल्मेट घ्यावीत का?

तसं थेट नातं नाही. युरोपचं ईएन १०७८ किंवा सीपीएससीचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाचं मानक ज्याच्या आत छापलंय, त्याने ठरलेली आपटण्याची चाचणी पार केलेली असते, स्वस्त असो की महाग. सीपीएससीच्या चाचणीत सपाट लोखंडावर २ मीटर उंचीवरून आपटतात. हे छापलेलं नसेल तर पुढचं काही बघूच नका. जास्त पैसे बहुतेक वेळा वजन, हवेची भोकं आणि वाऱ्याला कापणारा आकार यांना जातात. रोडची हेल्मेट साधारण २०० ते ३०० ग्रॅमची असतात. तासन् तास वाकून मान वर धरायची असते तेव्हा ५० ग्रॅम जाणवतात, हे खरं. पण टोचणारं २०० ग्रॅमचं हेल्मेट मी कधीही निवडणार नाही.

पिवळा थर म्हणजे मिप्स. हान्स फॉन होल्स्ट हे मेंदूचे शल्यविशारद आणि स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातले पीटर हालदिन यांनी तो विकसित केला. पडताना डोकं क्वचितच सरळ आपटतं, ते तिरकं घासत जातं आणि मेंदूला पीळ बसतो. हा थर डोक्याला हेल्मेटच्या आत १० ते १५ मिलिमीटर सरकू देतो. मला तो पटतो आणि मी तेच वापरते. त्या थराने आतला आकार किंचित बदलतो, म्हणून तेच मॉडेल थर नसलेलं बसलं होतं, तर थर असलेलंही बसेल असं धरून चालू नका. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ तिरक्या आघातांच्या चाचण्या करून हेल्मेटांना तारे देतं. आधी डोक्याला बसणारी दोन-तीन निवडा आणि मग त्यांतून तारे बघा.

प्रश्न : वडील तरुणपणी शर्यतीत उतरायचे. ‘आमच्या वेळी खरे रेसर हेल्मेट घालत नसत’ म्हणतात, आणि आता पुन्हा सायकल सुरू केली तर बारा वर्षांचं जुनं, कधीच न आपटलेलं हेल्मेट काढलंय. काय सांगू त्यांना?

ते खोटं बोलत नाहीत. चामड्याच्या पट्ट्यांची जाळी घालून शर्यती झाल्या आहेत. १९९१ मध्ये हेल्मेट सक्तीचं करायचा प्रयत्न झाला, तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीत सायकलपटूंनी निषेध केला आणि ती सक्ती मागे घ्यावी लागली. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर फाबिओ कासार्तेली पडला आणि गेला. तीनच वर्षांपूर्वी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेला पोरगा, वय २४. मार्च २००३ मध्ये त्याच पॅरिस-नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रेइ किविलेव डोक्याला मार लागून गेला. त्याच वर्षी यूसीआयने, म्हणजे सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने, हेल्मेट सक्तीचं केलं. सुरुवातीला शेवटच्या मोठ्या चढावर ते काढायची सवलत होती, पुढे तीही गेली. वडिलांना ही नावं कदाचित माहीत असतील. त्यांच्याशी त्या नावांवरूनच बोला, नियमांवरून नको.

बारा वर्षांचं हेल्मेट ठेवू नका. सीपीएससी ५ ते १० वर्षांत बदलायला सांगते, आणि कंपन्या त्याहून लवकर. आतल्या स्टिकरवर बनवल्याची तारीख असते. नवीन घ्यायला त्यांना सोबत न्या, भेट म्हणून परस्पर आणू नका. का, ते पहिल्या उत्तरात आहे.

प्रश्न : घामाने आतून वास येतो. कसं धुवायचं?

पॅडं वेलक्रोची असतात, सोलून काढा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, नाहीतर परत लावताना कुठलं कुठे ते कळत नाही. साध्या साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. हेल्मेट ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोल, थिनर, रंग लावू नका, थर्माकोल विरघळतो. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागेही ठेवू नका. पॅडं चपटी झाली असतील तर नवा संच मिळतो. तो बदलल्यावर डायल आणि पट्टा पुन्हा एकदा लावून बघा.