पौर्णिमेला चिंबोरी पोकळ असते, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की पुनवेला चिंबोरी, म्हणजे खाण्याचा मोठा खेकडा, पोकळ आणि आवसेला भरलेली निघते, या म्हणण्यात तथ्य किती. चिंबोरी पोकळ निघते हे शंभर टक्के खरं. पण त्याचं खापर चंद्रावर फोडणं मला पटत नाही. मी रायगडातल्या खाडीकाठी वाढलो आणि पुढे प्राणिशास्त्र शिकलो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

चिंबोरीचं कवच तिच्याबरोबर वाढत नाही, म्हणून ती कात टाकते. पाठीमागे फट पडते आणि ती उलटी सरकत बाहेर येते. नांग्यांची, पायांची, डोळ्यांवरची टरफलं, एवढंच काय, जठराचं अस्तरसुद्धा जुन्या कवचात राहतं. बाहेर आलेली चिंबोरी लोण्यासारखी मऊ असते. कवच कडक व्हायच्या आत ती पाणी शोषून फुगते, म्हणून नवं कवच मोठ्या मापाचं होतं. ती वाढीव जागा मांसाने भरायला मात्र काही आठवडे जातात. त्या मधल्या दिवसांत ती जाळ्यात आली, की दिसायला दांडगी आणि कालवणात नुसतं पाणी! खेकडापालन करणारे असे पोकळ खेकडे मुद्दाम घेतात आणि तीन-चार आठवडे चारून मग विकतात.

आता चंद्राचं. चंद्रामुळे येणारं उधाण, म्हणजे मोठी भरती, आवसेलाही येते आणि पुनवेलाही, मग दोन्हींत फरक पडावा तो का? शिवाय पिल्लं भराभर कात टाकतात, पण मोठी चिंबोरी महिनोन्‌महिने टाकत नाही. बाजारातल्या सगळ्या मोठ्या चिंबोऱ्या एकाच पंधरवड्यात पोकळ व्हाव्यात, हे गणित जुळत नाही. तिथी बघण्यापेक्षा चिंबोरी हातात घ्या. आकाराच्या मानाने हलकी वाटली, पोटाकडचं कवच अंगठ्याखाली दबलं, तर परत ठेवा.

लाखेचं, म्हणजे मादीच्या आतल्या केशरी गराचं, गणित वेगळं आहे. मादीने कात टाकली, ती मऊ असली, की तेव्हाच नर तिच्याशी जुगतो. त्याआधी कित्येक दिवस तो तिला पोटाखाली धरून सांभाळत फिरतो. नराचं बीज मादी महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते. पुढे तिच्या अंडाशयात जो केशरी गर भरतो, तीच आपली लाख.

खाडीची काळी चिंबोरी, समुद्रातली तीन ठिपक्यांची आणि पाठीवर क्रॉस असलेली, या तिन्ही पोहणाऱ्या खेकड्यांच्या एकाच कुळातल्या. शेवटची पायांची जोडी बघा, टोकाला वल्ह्यासारखी चपटी असते. त्या वल्ह्यांच्या जोरावर खाडीतली भरलेली मादी कांदळवन सोडून समुद्रात जाते, कारण तिची पिल्लं खाडीच्या गोडसर पाण्यात जगत नाहीत. तिच्या पोटाखालच्या झाकणात मग अंड्यांचा घोस लटकतो, दहा लाखांहून जास्त अंडी असू शकतात. आधी केशरी असलेला घोस पिल्लांचे डोळे दिसू लागले की काळपट होतो.

आत लाख असलेली चिंबोरी मीही आवडीने खातो. बाहेर घोस लटकलेली मात्र कृपा करून घेऊ नका. तिची अंडी फुटायला काही दिवसच उरलेले असतात.