‘त्याचा एच-इंडेक्स १४, माझा ४’

मज्जाविज्ञानात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करणाऱ्या एक संशोधिका हाच हिशेब घेऊन माझ्याकडे आल्या. एच-इंडेक्स १४ म्हणजे किमान १४ पेपर असे, की प्रत्येकाला किमान १४ सायटेशन, म्हणजे इतरांच्या लेखनात आलेले संदर्भ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पीएचडीच्या बॅचमधला मित्र १४ वर, आपण ४ वर, मग सहायक प्राध्यापकपदाचा अर्ज करायचाच कशाला? रोज रात्री त्याचं गूगल स्कॉलरचं पान बघितल्याशिवाय झोप येत नव्हती.

धीर देण्याआधी आकडे तपासले. त्याचा १४ स्कॉलरवरचा, यांचा ४ स्कोपस या दुसऱ्या सायटेशन-डेटाबेसवरचा. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधली (जर्नलमध्ये छापून येण्याआधी खुल्या ठेवलेल्या पेपरांमधली) सायटेशनही मोजतं, त्यामुळे तिथला आकडा बहुधा मोठाच दिसतो. शिवाय लग्नाआधीच्या आडनावाचे तीन पेपर स्कोपसवर वेगळ्याच प्रोफाइलमध्ये पडले होते. आपल्याकडे हे फार होतं: मध्ये कधी वडिलांचं नाव, कधी नवऱ्याचं, कधी नुसती आद्याक्षरं.

एका प्रोफाइलवर सायटेशन ३४, १२, ७, ४, २. दुसऱ्यावर ६१, ६, १. एकत्र उतरत्या क्रमाने लावली तर ६१, ३४, १२, ७, ६, ४, २, १. पाचव्या पेपरला ६ आहेत, सहाव्याला ४च. म्हणून एच-इंडेक्स ५. ६१ वाल्या पेपरचंही इथे एकाच पेपरइतकं वजन, ही या मापाची खोटच आहे. प्रोफाइल जोडण्याची विनंती स्कोपसवरच करता येते. सगळे पेपर ऑर्किड (ORCID) या संशोधकाच्या कायमच्या ओळख-क्रमांकाखाली आणले आणि पुढचा प्रत्येक पेपर त्याच क्रमांकाने पाठवला, की अशी फाटाफूट कमी होते.

चाराचे पाच झाल्याने मन हलकं झालं नाही, होणारही नव्हतं. मित्र अनेक केंद्रांच्या एमआरआय प्रकल्पात, एकेका पेपरवर डझनांनी लेखक. आमच्या संशोधिका उंदराच्या मेंदूच्या कापांवर पॅच-क्लॅम्प करतात, म्हणजे पेशीतले विद्युतप्रवाह मोजतात. एकेक पेशी पिपेटने पकडायची, दिवसाअखेर हाती मोजक्याच नोंदी. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये एच-इंडेक्स हे माप मांडलं तेव्हाच विषयागणिक फरक पडतो हे नोंदवलं होतं. एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या आयसाइट (iCite) या संकेतस्थळावर आरसीआर हा प्रत्येक पेपरचा सायटेशन-आकडा मिळतो, तो त्याच क्षेत्रातल्या पेपरांशी तुलना करतो. १ म्हणजे एनआयएच-अनुदानित पेपरांचा मध्यक. ६१ वाला तिथे २ च्या वर निघाला.

अर्जात एच-इंडेक्स एका ओळीत, स्रोत आणि तारखेसह. त्याखाली तीनच पेपर: काय सापडलं, नोंदी कोणी घेतल्या, विश्लेषणाचा कोड कोणाचा. सहलेखक असलेल्या पेपरात स्वतःचा वाटा फुगवू नये, मुलाखतीत तो लगेच उघडा पडतो.

बोलता बोलता खरी गाठ सापडली. दोन हस्तलिखितं वर्षभर गाइडच्या टेबलावर पडून होती आणि विचारायची भीती वाटत होती. मेल आम्ही तिथेच लिहिली: “सर, आकृती ३ दुरुस्त करून जोडली आहे. २० तारखेपर्यंत आपले बदल मिळाले तर महिनाअखेर बायोआर्काइव्हवर टाकू का? लेखकक्रम सोबत दिला आहे.” (बायोआर्काइव्ह म्हणजे जीवशास्त्राच्या प्रीप्रिंटचं संकेतस्थळ.) सोमवारी सकाळी पाठवायची ठरली. मित्राचं पान महिनाभर बंद.