बार्बाडोस: हॉटेल ठरवण्याआधी किनारा ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीहून सत्तरीतल्या आई-बाबांना घेऊन ऑगस्टच्या शेवटी आठवडाभर बार्बाडोसला जायचं आहे. दोघे पक्के शाकाहारी, आईंना समुद्रात उतरायची हौस, आणि बाबांना केन्सिंग्टन ओव्हल हे तिथलं क्रिकेटचं मैदान बघायचं आहे. आग्नेय किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टात 'ऑल इनक्लूझिव्ह' (राहणं, खाणं, पिणं सगळं एकाच दरात) चांगल्या सवलतीत मिळतंय, घ्यावं का?

माझं मत, घेऊ नका. बेट उत्तम निवडलंय, पण महिना आणि किनारा दोन्ही बदला. या बेटाच्या निरनिराळ्या बाजूंना मी राहिलो आहे, आणि तिथला मुक्काम कसा जाईल हे खोली किती चकाचक आहे यापेक्षा समोरचं पाणी कसं आहे यावर ठरतं.

बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद. एवढ्याशा जागेत दोन वेगळे समुद्र भेटतात. पूर्वेला अटलांटिक, थेट आफ्रिकेपर्यंत मध्ये जमीन नाही. व्यापारी वारे वर्षभर तिकडूनच येतात, त्यामुळे बाथशिबाला लाटा नुसत्या आदळत असतात. सर्फिंगवाल्यांना ते फार आवडतं, पण पोहायला ती जागा धोक्याचीच. आग्नेयेचा क्रेन किनारा फोटोत अप्रतिम दिसतो, प्रत्यक्षातही आहे. पण तिथेही लाटांना जोर असतो आणि खालून पाणी ओढतं. आई तिथे कठड्याशी उभ्या राहून समुद्र बघतील, पाण्यात पाऊल टाकणं मात्र अवघड जाईल. शिवाय २०११ पासून सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ उन्हाळ्याच्या महिन्यांत ढिगांनी वाहून येतं, आणि त्याचा मुख्य मारा पूर्व आणि आग्नेय बाजूलाच असतो. किनाऱ्यावर ते कुजलं की नासक्या अंड्यांसारखा वास सुटतो. उन्हाळ्यात त्या बाजूला सवलती का निघतात, त्याचं एक कारण हेही असावं असं मला वाटतं.

पश्चिमेला कॅरिबियन समुद्र, आणि तो किनारा याच्या अगदी उलट. होलटाउन, पेन्स बे, मलिन्स या पट्ट्यात पाणी बहुधा तळ्यासारखं शांत असतं आणि सूर्य समोर समुद्रात मावळतो. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर, त्यामुळे अलिबागसारखं ओहोटीला पाणी दूर निघून गेलं असं इथे होत नाही. दिवसाच्या कुठल्याही वेळी पायऱ्या उतरलं की समुद्र हाताशी. एवढंच, की हिवाळ्यात कधीकधी उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात आणि चार-दोन दिवस वाळूचा पट्टा अगदी अरुंद होतो. हॉटेलला ई-मेल करून विचारा की गेल्या हिवाळ्यात त्यांच्यासमोर वाळू किती उरली होती. सरळ उत्तर देणारं हॉटेल घ्या.

पण पश्चिम महाग आहे. तुमच्या घरासाठी मी दक्षिण किनारा सुचवेन: हेस्टिंग्ज, रॉकली, वर्दिंग ते सेंट लॉरेन्स गॅप. पाणी पश्चिमेइतकं निवांत नसलं तरी रॉकलीला (अक्रा बीच म्हणतात तोच) जपून कमरेपर्यंत उतरता येतं. आणि हेस्टिंग्जपासून रॉकलीपर्यंत समुद्राला लागून सुमारे दीड किलोमीटरचा लाकडी फळ्यांचा पदपथ आहे. ज्यांना रोज सकाळी फिरल्याशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी हा पदपथ हॉटेलच्या जलतरण तलावापेक्षा मोलाचा आहे. सकाळी सहा वाजता तिथे स्थानिक आजी-आजोबा चालत असतात, 'मॉर्निंग' म्हटल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. तुमच्या आई-बाबांना ते फार आवडेल.

आता जेवण. जमैका किंवा डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ऑल इनक्लूझिव्ह घेण्यात अर्थ असतो, कारण तिथली बरीच रिसॉर्टं गावापासून तुटलेली असतात. बार्बाडोसच्या दक्षिण किनाऱ्यावर पायी अंतरावर सगळं मिळतं. ऑल इनक्लूझिव्हच्या दरात मद्य, मासे आणि मांसाचे पैसे धरलेले असतात. शाकाहारी आणि न पिणाऱ्या माणसांनी ते का भरायचे? छोटं स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट-पद्धतीची खोली घ्या. वर्दिंगला मॅसी नावाच्या साखळीचं मोठं सुपरमार्केट आहे. बराचसा माल बाहेरून येत असल्याने किंमती चढ्या आहेत, म्हणून डाळ, पोहे, मसाले बंद पाकिटांत घरून न्या. नळाचं पाणी प्रवाळाच्या चुनखडीतून गाळून येतं, खुशाल प्या.

बाहेर खाताना एक सावधगिरी. 'राइस अँड पीज' शाकाहारी वाटतो, त्यातले दाणे आपल्या तुरीचेच असतात, पण तो पुष्कळदा खारवलेलं डुकराचं मांस घालून शिजवतात. प्रत्येक ठिकाणी विचाराच. 'फिशकेक'चं नावच सांगतं, पण 'बेक्स' म्हणजे पिठाचे गोडसर तळलेले वडे, ते चालतील. मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) चालेल, अंड्याचं तेवढं विचारून घ्या. बटाटा-छोल्याची रोटी तर जवळपास सगळीकडे मिळते. त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या लोकांमुळे ती सगळ्या कॅरिबियनची झाली. कुकू हा मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेला पदार्थ, तोही माशांच्या रश्श्याशिवाय मागता येतो. आणि भाजलेलं ब्रेडफ्रूट म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस! आईंनी नीरफणसाची कापं केली असतील तर त्यांना तिथे घरचंच काहीतरी सापडल्याचा आनंद होईल.

महिन्याबद्दल. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सर्वात जोखमीचा. बार्बाडोस इतर बेटांच्या पूर्वेला असल्याने पुष्कळ वादळं चुकवतं, पण २०२१ च्या जुलैत एल्साचा तडाखा बसलाच. आणि २०२४ तर आपल्या सगळ्यांना आठवतं: २९ जूनला रोहितच्या संघाने केन्सिंग्टन ओव्हलवर विश्वचषक जिंकला आणि बेरिल वादळामुळे विमानतळ बंद होऊन संघ हॉटेलातच अडकला. ४ जुलैला दिल्ली आणि त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. त्यांच्यासाठी खास विमान आलं. आपल्यासाठी येत नाही. वयस्कर माणसांची औषधं मोजून नेलेली असताना चार दिवस अडकणं परवडणारं नाही. तुम्ही लिहिलंय की आई-बाबा अमेरिकेत जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत आहेत, तर डिसेंबरचा पहिला आठवडा धरा. वादळं सरलेली असतात आणि नाताळाचे चढे दर १५ तारखेच्या आसपास सुरू होतात.

कागदपत्रं नीट बघा. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बाडोसला आधी व्हिसा काढावा लागत नाही, अडचण परतताना येते. तुम्ही एच-वन-बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असाल आणि पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली असेल, तर नुसत्या मंजुरीच्या कागदावर अमेरिकेत परत येता येत नाही. ती सवलत एच-वन-बीला थोड्या दिवसांच्या कॅनडा-मेक्सिकोवारीपुरतीच आहे. तसं असेल तर सरळ प्वेर्तो रिकोला जा, तो अमेरिकेचाच भाग आहे. आई-बाबांचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, आणि परतल्यावर त्यांना नवे सहा महिने मिळतील असं गृहीत धरू नका. आधीचीच तारीख कायम राहू शकते.

बाबांना ओव्हल दाखवाच. १९७१ च्या कसोटीत याच मैदानावर दिलीप सरदेसाईंनी १५० आणि गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७ केले होते. त्या पिढीने ते रेडिओला कान लावून ऐकलंय. बाहेर गारफील्ड सोबर्सचा पुतळा आहे, फोटोसाठी तिथे वेळ ठेवा. हे मैदान राजधानी ब्रिजटाउनमध्ये आहे; दक्षिण किनाऱ्यावरून तिथे बस जाते, पण 'झेडआर' म्हणतात त्या पांढऱ्या व्हॅन दाटीवाटीने भरतात, गाणी मोठ्याने लावतात आणि वेगाने पळतात. आई-बाबांबरोबर टॅक्सीच घ्या आणि बसण्याआधी भाडं ठरवा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, तेव्हा सांगितलेला आकडा कुठल्या डॉलरचा हेही विचारा.

दोन गोष्टी सामान भरण्याआधी. लष्करी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे तिथे कायद्याने बंद आहेत, लहान मुलांचेसुद्धा; ते घरीच ठेवा. आणि किनाऱ्यावर, विशेषतः पश्चिमेला, मँचिनील नावाचं विषारी झाड असतं, बऱ्याच ठिकाणी बुंध्याला लाल पट्टा मारलेला दिसेल. त्याची हिरवी फळं छोट्या सफरचंदासारखी दिसतात, तोंडात घालायची नाहीत. पाऊस आला तरी त्याच्या आडोशाला थांबू नका, पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही कातडीवर फोड येतात. आई-बाबांना पहिल्याच दिवशी ते झाड दाखवून ठेवा.