बोत्सवानाचे पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांचं यश म्हणजे निव्वळ हिऱ्यांचं नशीब होतं का?

हिरे सापडले हे नशीब. पण त्यांचा पैसा एका जमातीकडे न जाता सरकारी तिजोरीत आला तो कायद्यामुळे, आणि तो कायदा पचवणं खामांनाच शक्य होतं.

खामा हे बामांग्वातो या मोठ्या जमातीच्या गादीचे वारस. जन्म १९२१, गाव सेरोवे. १९४८ मध्ये त्यांनी लंडनला रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं आणि शेजारची दक्षिण आफ्रिका खवळली. बोत्सवाना तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात होता, आणि ब्रिटनला दक्षिण आफ्रिकेचं सोनं आणि युरेनियम हवं होतं. ब्रिटननेच नेमलेल्या चौकशीत ‘माणूस गादीला लायक आहे, अडचण फक्त या लग्नाची’ असं निघालं. तो अहवाल दडपून खामांना देशाबाहेर ठेवलं गेलं. गादीवरचा हक्क सोडला तेव्हाच, १९५६ मध्ये, त्यांना परत येता आलं. पुढे त्यांच्या पक्षाने १९६५ च्या निवडणुकीत ३१ पैकी २८ जागा जिंकल्या आणि ३० सप्टेंबर १९६६ ला देश स्वतंत्र झाला.

आता मुख्य मुद्दा. जमातींच्या प्रदेशातल्या खनिजांवर तोवर त्या-त्या जमातीचा हक्क होता. बामांग्वातोंनी तर १९५९ मध्येच एका खाण कंपनीशी करार केलेला. १९६७ च्या खाण कायद्याने हे हक्क राष्ट्राकडे आले. त्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, तेही बामांग्वातोंच्याच प्रदेशात! म्हणजे या कायद्याने सर्वात जास्त गमावलं ते अध्यक्षांच्या स्वतःच्या जमातीने. त्यामुळे ‘आमचं लुटलं’ म्हणायला दुसऱ्या कुठल्या जमातीला तोंडच उरलं नाही. खनिज असलेला प्रांत फुटून निघू पाहतो तेव्हा कसं युद्ध पेटतं, हे काँगोत कटांगा प्रांताने नुकतंच दाखवलं होतं.

दुसरं कौशल्य वाटाघाटीचं. ओरापा खाण १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा डी बीअर्स या बड्या हिरे कंपनीबरोबरच्या भागीदारीत सरकारचा हिस्सा १५ टक्के होता. खाण भरघोस चालते आहे आणि कंपनीला शेजारीच नवी खाण काढायची आहे, हे दिसताच सरकारने करार पुन्हा मांडायला लावला. १९७५ मध्ये हिस्सा ५० टक्क्यांवर गेला. हिऱ्यांचा पैसा येण्याआधी, १९६९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेबरोबरच्या जकात संघाचा (जमा झालेली जकात सदस्य देशांत वाटून घेण्याचा) करारही असाच बदलून घेतला होता. १९१० च्या जुन्या वाटपात या देशाच्या वाट्याला अर्धा टक्कासुद्धा येत नव्हता.

सगळं हिऱ्यांवर झालं असंही नाही. बोत्सवाना, लेसोथो आणि स्वाझीलँड या तीन देशांचं एक संयुक्त विद्यापीठ होतं. १९७५ मध्ये लेसोथो त्यातून बाहेर पडला, तेव्हा स्वतःचं विद्यापीठ उभारायला खामांनी ‘माणशी एक जनावर’ अशी हाक दिली. लोकांनी गुरं दिली, नसतील त्यांनी धान्य, अंडी, रोख रक्कम दिली. दक्षिण आफ्रिकेचा रँड सोडून स्वतःचं ‘पुला’ हे चलन आलं तेही पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये.

चुकलं ते कुरणांच्या बाबतीत. १९७५ च्या धोरणात कुंपणं घालून गुरांची मोठी खासगी कुरणं काढायला दूरची ‘मोकळी’ जमीन द्यायची असं ठरलं. ती मोकळी नव्हतीच. तिथे बासार्वा लोक शिकार आणि कंदमुळांवर जगत होते. तिथे गुरांना पाणी हवं तर विंधनविहीर खोदावी लागते आणि त्याला पैसा लागतो, त्यामुळे फायदा बड्या गुरेमालकांना झाला, आणि सत्ताधारी पक्षातले बरेच जण, स्वतः खामाही, बडे गुरेमालकच होते. जुलै १९८० मध्ये खामा वारले, पण बासार्वांच्या जमिनीचा वाद पुढे कित्येक वर्षं कोर्टात चालला. त्यांच्या कामगिरीचा हिशेब मांडताना ही बाजू वगळू नये.