ग्वाल्हेरला घरच्या डार्करूममध्ये प्रिंटचा पांढरा भाग राखाडी येतो, काय चुकतंय?
बहुतेक तुमचा लाल बल्बच फोटोचा पेपर फॉग करतोय, म्हणजे नको तो उजेड पाडून काळवंडतोय, एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणाऱ्या यंत्राच्या) मागे लागू नका. मी पण इथेच ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बाथरूममध्ये प्रिंट काढतो, झीरोचा रंगवलेला बल्ब मलाही नडला होता, रंग कुठे खरवडला गेला की पांढरा उजेड निसटतोच. एन्लार्जर बंद ठेवून पेपरच्या तुकड्यावर नाणं ठेवा, लाल उजेडात ५ मिनिटं राहू द्या, मग डेव्हलपर रसायनात बुडवून डेव्हलप करा, राखाडीत नाण्याचा पांढरा गोल उमटला की चोर सापडला. पण गोल न दिसता अख्खा तुकडाच राखाडी झाला तर पेपर जुना असेल नाहीतर डेव्हलपर तापलाय, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजतं हो, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून २० डिग्रीवर आणा.